जुने चाक, नवा टायर

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर अधिकृतपणे एकही प्रीमियर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि मुंबईत टॅक्सीचे आयुष्य कायद्याने वीस वर्षांचे. त्या आठवड्यात पद्मिनीवर पुष्कळ लिहून आले. तिचा काळा-पिवळा रंग, तिचा सोफा, सिनेमात दिसलेली टॅक्सी, सगळ्यांची आठवण निघाली. तिच्या चाकांविषयी मात्र कोणी फारसे लिहिले नाही.

मला त्या चाकांचाच इतिहास सांगायचा आहे. पद्मिनी, अँबॅसॅडर आणि महिंद्राची जीप या तिन्ही गाड्यांची चाके एका जातीच्या टायरसाठी घडवलेली होती. गाड्या रस्त्यावर धावत असतानाच ती जात बाजारातून मागे पडत गेली आणि वेगळ्याच जातीचा टायर आला. जुन्या चाकावर हा नवा टायर बसवायचा कसा, हा प्रश्न युरोप-अमेरिकेत हौशी लोकांचा आहे. रविवारी जुनी गाडी बाहेर काढणाऱ्यांचा. आपल्याकडे तो रोजीरोटीचा प्रश्न होता. पेण, वडखळ, नागोठणे, रोहा या पट्ट्यातल्या गॅरेजांत आणि पंक्चरच्या दुकानांत तो सोडवला गेला, आणि सोडवणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीही त्याविषयी एक ओळ लिहून ठेवली नाही.

नायलॉन म्हणजे काय

आपल्याकडे जुन्या टायरला सरसकट ‘नायलॉन’ म्हणतात आणि नव्याला ‘रेडियल’. खरे तर नायलॉन हे आतल्या धाग्याचे नाव आहे, आणि फरक धाग्यात नसून तो कोणत्या दिशेने घातला आहे यात आहे.

हवेच्या टायरचे पहिले पेटंट १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने घेतले. ते विसरले गेले. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने पुन्हा तीच कल्पना काढली आणि ती सायकलवरून जगभर गेली. रबर एकट्याने हवेचा दाब सहन करीत नाही, म्हणून आत कापडाचे थर घालावे लागतात. पुढे विणलेल्या कापडाऐवजी एकाच दिशेचे धागे असलेले थर आले. एक थर तिरका या बाजूला, दुसरा तिरका त्या बाजूला, खाटेच्या विणीसारखे. धागा आधी सुती होता, मग रेयॉनचा आला, मग नायलॉनचा. या रचनेत टायरची बाजू आणि जमिनीला लागणारा भाग हे एकच अंग असते. बाजू दबली की वरचा भागही हलतो, मुरडतो, जमिनीवर घासतो आणि तापतो. पण अशा टायरची बाजू जाड आणि चिवट असते. दगडाला घासली तरी सहसा फाटत नाही.

रेडियल टायरमध्ये धागे तिरके नसतात. ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, आणि वरच्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे बाजू मऊ राहते आणि वरचा भाग सपाट, ताठ. गाडी वळताना बाजू वाकते, पण जमिनीवर टेकलेला पट्टा जागा सोडत नाही. टायर कमी तापतो, जास्त टिकतो, इंधन वाचते आणि पावसात पकड चांगली राहते.

हा टायर फ्रान्सच्या मिशलँ कंपनीचा. पेटंट ४ जून १९४६ चे, आणि ‘मिशलँ एक्स’ या नावाने तो बाजारात आला १९४९ मध्ये. त्याच्यामागच्या माणसाचे नाव मारियस मिन्योल. मिन्योल कंपनीत आला तो छापखान्यातला कामगार म्हणून. त्याच्याकडे इंजिनिअरची पदवी नव्हती. टायर नेमका कुठे तापतो हे पाहण्यासाठी एक अजब नमुना बनवला गेला, ज्याच्या बाजूला रबराऐवजी नुसत्या सुट्या आडव्या तारा होत्या. कारखान्यातले लोक त्याला ‘माशांचा पिंजरा’ म्हणू लागले. त्या पिंजऱ्यातून रेडियल टायर निघाला. मिन्योलची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिची गरज लागणार आहे.

रेडियल आला म्हणून तो लगेच सगळ्या गाड्यांना बसला नाही. टायर बदलला की गाडीची स्प्रिंग, स्टिअरिंग, चाकाची रिम सगळ्यांवरचा भार बदलतो. फ्रान्समध्ये सित्रोएन ही मोटार कंपनी मिशलँच्याच ताब्यात होती, त्यामुळे तिथे गाडी आणि टायर यांचा मेळ लवकर बसला. अमेरिकेत मात्र रेडियल सर्वमान्य व्हायला १९७० चे दशक उजाडले. तिथेही हा बदल सुखाने झाला नाही. १९७८ मध्ये फायरस्टोन कंपनीला ‘फायरस्टोन ५००’ या रेडियल जातीचे जवळपास दीड कोटी टायर परत बोलवावे लागले, कारण पोलादी पट्टा आणि रबर एकमेकांपासून सुटत होते. नवी वस्तू चांगली असली तरी ती आपल्याबरोबर नवे धोके घेऊन येते, हे त्या प्रकरणाने दाखवले.

तीन गाड्या, तीन आकडे

आता आपल्या गाड्यांकडे येऊ. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तिने इटलीची फियाट ११०० बनवली. १९६४ मध्ये तिचे डिलाइट मॉडेल आले, १९७४ मध्ये त्याच गाडीचे नाव पद्मिनी झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती बनत राहिली. तिचा टायर ५.२०-१४. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली अँबॅसॅडर बनू लागली ती १९५० च्या दशकाच्या शेवटी, आणि थेट मे २०१४ पर्यंत बनली. तिचा टायर ५.९०-१५.

तिसरी जीप. तिची कथा या ब्लॉगच्या वाचकांना विशेष वाटेल. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू आणि अलिगढचे शिकलेले मलिक गुलाम मुहंमद यांनी मिळून पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहंमद’. फाळणीनंतर गुलाम मुहंमद पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. स्वातंत्र्याच्या त्याच पहिल्या वर्षांत मुंबईच्या माझगावात अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांपासून विलीस जीप जोडायला सुरुवात झाली. तिचा टायर ६.००-१६.

हे आकडे वाचणे सोपे आहे. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास इंचात. त्या काळच्या टायरची उंची जवळजवळ रुंदीएवढीच असे. म्हणून ५.२०-१४ च्या चाकाचा एकूण व्यास ढोबळमानाने ५.२० अधिक ५.२० अधिक १४, म्हणजे २४.४ इंच किंवा ६२० मिलिमीटर.

या तिन्ही गाड्यांची घडण १९४० आणि १९५० च्या दशकातली. परवाना राज्यात नव्या गाडीची वाट बंद असल्याने तीच घडण आपण चाळीस-पन्नास वर्षे वापरली. भारतात मोटारीसाठी रेडियल टायर तयार होऊ लागला तो १९७७ मध्ये, जेके टायरच्या राजस्थानातल्या कांकरोलीच्या कारखान्यात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि पाठोपाठ मोटारींची पिढी बदलली. टायर कंपन्यांचे लक्ष साहजिकच नव्या गाड्यांच्या आकारांकडे गेले. जुन्या गाड्या मात्र आपल्याच रस्त्यांवर होत्या, भाडे मारीत होत्या, लग्नाची वऱ्हाडे नेत होत्या.

रस्ता

आमच्या भागातल्या चालकांनी रेडियलला सुरुवातीला ‘नको’ म्हटले. त्याला कोणी अडाणीपणा समजू नये.

पेणहून वडखळ, नागोठणे करीत भिसे खिंडीतून रोह्याला उतरणारा रस्ता, किंवा महामार्गाने सुकेळी खिंड ओलांडून कोलाडमार्गे जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. डांबर वाहून जाते आणि खड्ड्यांच्या कडा धारदार होतात. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी रखडतच राहिले. अशा रस्त्यावर नायलॉनची जाड बाजू हा गुण होता. रेडियलची मऊ बाजू खड्ड्याच्या कडेवर आपटली की आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेल्या टायरवर इलाज नाही, तो फेकावाच लागतो. नायलॉनवर मात्र दोन-दोन वेळा रबर चढवून घेता येत असे. पेणच्या गणपतीच्या मूर्ती गवतात बसवून टेंपोने बाहेर पाठवणाऱ्याला किंवा धाटावच्या कारखान्यांचा माल वाहणाऱ्याला टायर वाटेत फुटणे परवडणारे नव्हते. त्यांचा हिशेब बरोबर होता.

तरीही नायलॉनचे त्रास होतेच. रात्रभर उभ्या गाडीचा नायलॉन टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटा होतो. सकाळी निघाले की पहिले एक-दोन किलोमीटर चाक धडधडते, मग टायर गरम होऊन गोल होतो. जुन्या टॅक्सीत पहाटे बसलेल्यांना ही धडधड आठवत असेल. ओल्या रस्त्यावर घसरण जास्त. कोकणातली माणसे ड्रायव्हर-मेकॅनिक म्हणून आखातात गेली, तिथे त्यांनी गरम वाळवंटी रस्त्यांवर रेडियल धावताना पाहिले. अखेर नायलॉनचे मोटारीचे आकार दुकानांत कमी मिळू लागले, तेव्हा वाद मिटला. रेडियल बसवायचाच, एवढे ठरले. मग खरे काम सुरू झाले.

बसवताना काय काय पाहावे लागते

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण याच भागाला लोक ‘त्यात काय एवढे’ म्हणतात.

पहिला प्रश्न मापाचा. नव्या टायरवर १५५/८० आर १४ असे लिहिलेले असते. १५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १४ रिमचा इंचातला व्यास. उंची १२४ मिलिमीटर, तिची दुप्पट २४८, त्यात रिमचे ३५६ मिळवले की ६०४. पद्मिनीच्या मूळ चाकाचा व्यास ६२० च्या आसपास होता, म्हणजे हा टायर जवळ जातो. १४५/८० घेतला तर व्यास ५८८ होतो. फरक पाच टक्क्यांचा. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ५७ नेच धावत असते, इंजिन मात्र जास्त फेरे मारते आणि गाडीचे पोट जमिनीच्या तेवढेच जवळ जाते. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते अर्धा-पाऊण इंचही महाग पडते.

दुसरीकडे मोह असतो तो रुंद टायरचा. ‘चांगला दिसतो’ म्हणून १८५ चा टायर मागणारे गिऱ्हाईक हमखास भेटते. जुन्या रिमची रुंदी चार-साडेचार इंचांच्या आतबाहेर. तिच्यावर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, बाजू फुगते आणि वरचा भाग मधोमध घुमटासारखा उठतो. मग मधलीच नक्षी झिजते, आणि वळणावर टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच. जीपवाल्यांची अडचण आणखी मोठी होती. पुढच्या पिढीच्या गाड्यांचा २१५/७५ आर १५ हा टायर बाजारात सहज मिळे आणि त्याचा व्यास जुन्या ६.००-१६ च्या अगदी जवळ होता, पण १५ इंची टायर १६ इंची रिमवर बसणार कसा? म्हणून अनेकांनी टायरबरोबर चाकेही बदलली, रुंद रिमा घातल्या. जीप चालू राहिली, पण तिची मूळ चाके भंगारात गेली.

दुसरा प्रश्न रिमचा, आणि जिवाशी संबंध असलेला हाच आहे. नायलॉन टायर वळणावर थोडा घसरतो. त्या घसरण्यात बराच जोर निघून जातो. रेडियल घसरत नाही, जमीन धरून ठेवतो, आणि तो जोर सरळ रिमवर येतो. जुन्या रिमचा पत्रा त्या जोरासाठी बेतलेला नव्हता. तीस-चाळीस वर्षे गंजलेल्या, दोन-चारदा ठोकून सरळ केलेल्या रिमला नटांच्या भोकांभोवती किंवा मधली थाळी आणि कडा जिथे जोडलेल्या असतात तिथे बारीक भेगा पडतात. जाणता मिस्त्री टायर चढवण्याआधी रिम टांगून हातोडीने हलकेच वाजवतो. चांगल्या रिमचा नाद वेगळा, भेग गेलेलीचा बद्द आवाज वेगळा. शंका आली तर रिम घासून रॉकेल लावतात, पुसून कोरडी करतात आणि वर खडूची पूड फासतात. भेगेत शिरलेले रॉकेल खडूवर बारीक ओली रेघ होऊन उमटते. मोठ्या कारखान्यांत भेगा शोधायला जे रंगीत द्रव वापरतात, त्यांचे तत्त्व हेच.

तिसरा प्रश्न ट्यूबचा. आजच्या ट्यूबलेस रिमला आतल्या बाजूने कडेशी एक बारीक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी टायरची कड त्याच्यामुळे आत घसरत नाही. जुन्या रिमला हा उंचवटा नाही. तिथे टायर ट्यूबलेस असला तरी आत ट्यूब घालावीच लागते. पण कोणतीही ट्यूब चालत नाही. रेडियलची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते, त्यामुळे टायर आणि ट्यूब सतत घासत राहतात. नायलॉनमधून काढलेली जुनी, ताणलेली ट्यूब घातली तर तिला घडी पडते आणि घडीवर ती कापली जाते. टायरच्या आत चिकटवलेला कागदी बिल्ला काढला नाही तर त्याची कडही ट्यूब खाते. म्हणून रेडियलसाठीची ट्यूब, बिल्ला काढलेला, आत हात फिरवून पाहिलेला, वर पावडर मारलेली. व्हॉल्व आणि रिमच्या भोकाचा मेळही पाहावा लागतो, कारण जुन्या काही रिमांची भोके मोठी असतात. बारीक व्हॉल्व त्यात हलतो आणि मुळाशी कापला जातो.

चौथा प्रश्न हवेचा आणि स्टिअरिंगचा. रेडियलची बाजू हवा पुरेशी असतानाही दबलेली दिसते. नायलॉनची सवय असलेला ड्रायव्हर ‘हवा कमी आहे’ म्हणून भरत राहतो, आणि टायर मधूनच झिजतो. इथे डोळ्यावर नाही, काट्यावर विश्वास ठेवावा लागतो. गाडी उभी असताना स्टिअरिंगही जड लागते, कारण रबराचा जास्त भाग जमिनीला चिकटलेला असतो, आणि या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही. जुन्या टायरसाठी पुढची दोन चाके समोरून किंचित जास्त जवळ आणून ठेवलेली असत. रेडियलला तेवढे लागत नाही. लेसरची यंत्रे येण्याआधी मिस्त्री मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून हे मोजत.

पाचवा प्रश्न सर्वांत धोक्याचा, आणि तो गरिबीतून येतो. चार टायरचे पैसे नसतात, म्हणून गिऱ्हाईक म्हणते, ‘सध्या दोन घाला, पुढचे.’ पुढे रेडियल आणि मागे नायलॉन असेल तर ओल्या वळणावर पुढची चाके रस्ता धरतात, मागची सोडतात, आणि गाडीची शेपटी फिरते. दोनच परवडत असतील तर दोन्ही मागे घालावेत. एकाच ॲक्सलवर एक हा आणि एक तो, असे तर कधीच करू नये. हा नियम जगभर सांगितला जातो. सुकेळी खिंडीत पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला तो न पाळण्याची किंमत सांगावी लागत नाही. जो दुकानदार अशा वेळी ‘पुढे घालणार नाही’ म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतो, तो आपल्या दिवसाच्या कमाईतून दुसऱ्याचा जीव राखतो.

हा इल्म कोणाचा

एवढे सगळे ज्याला कळते त्याला आपल्या समाजात काय म्हणतात? पंक्चरवाला.

समाजमाध्यमांवर मुसलमान मुलाला चिडवायचे असेल तर हा शब्द तयारच असतो. वास्तविक पंक्चरचे दुकान हे एका धर्माचे नाही. आमच्याच महामार्गावर केरळहून आलेल्या माणसांची दुकाने आहेत, त्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत. उत्तरेकडून आलेले सर्व जातींचे लोक आहेत. पण शिवी म्हणून तो शब्द आपल्याला चिकटवला गेला आहे, आणि आपले उत्तर ठरलेले असते : आमच्यात डॉक्टर आहेत, न्यायाधीश आहेत, शास्त्रज्ञ आहेत. उत्तर खरे आहे. पण त्या उत्तरात आपण नकळत मान्य करून टाकतो की पंक्चरवाला असणे ही शरमेची गोष्ट आहे. चिडवणाऱ्याला तेच हवे असते.

वर्गात एकदा माहितीचे फॉर्म भरून घेताना एका मुलाने वडिलांच्या व्यवसायापुढे ‘बिझनेस’ लिहिले. कसला, असे विचारल्यावर तो गप्प राहिला. शेजारच्याने सांगितले, हायवेवर टायरचे दुकान आहे. मुलगा गणितात कच्चा होता. टायरची उंची टक्केवारीने कशी काढतात हे मी फळ्यावर मांडले तेव्हा त्याने माझ्याआधी उत्तर दिले, तोंडी. १५५ चे ८० टक्के १२४ हे त्याला पाठ होते. पाठ्यपुस्तकातला नफा-तोटा त्याला परका होता, दुकानातला हिशेब नव्हता. आम्ही शिक्षक मुलाला काय येत नाही ते मोजतो. त्याला काय येते हे विचारायला आमच्या फॉर्मात रकाना नसतो.

इतिहासात कारागीर क्वचितच स्वतः लिहितो. अल-जझरीने १२०६ मध्ये आपला ग्रंथ पुरा केला, त्यात यंत्रांची चित्रे आहेत आणि प्रत्येक भाग कसा घडवायचा हेही आहे. तो स्वतः हाताने काम करणारा होता म्हणून हे तपशील त्याला सुचले आणि म्हणूनच आठशे वर्षांनंतर लोकांना ती यंत्रे पुन्हा बनवता आली. मिन्योलने स्वतः काही गाजवले नाही, पण त्याच्यामागे कंपनी होती, पेटंट होते. म्हणून छापखान्यातल्या एका कामगाराचे नाव आज आपल्यापर्यंत पोहोचते. आमच्या मिस्त्रींमागे कंपनी नव्हती आणि कागदही नव्हता. उस्तादाने शागिर्दाला दाखवले, शागिर्दाने आपल्या शागिर्दाला. आता नव्या गाड्यांच्या चाकांना यातले बहुतेक काही लागत नाही. यंत्र टायर चढवते, यंत्र तोल पाहते. शागिर्द रिम वाजवायला शिकत नाही, कारण वाजवायला जुनी रिम येत नाही.

कायद्यातली विंटेज

मोटारीच्या जाणकारांच्या भाषेत विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. भारतात केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम काढले, त्यात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जास्त जुनी, व्यवसायासाठी नसलेली आणि चेसिस, सांगाडा, इंजिन न बदललेली गाडी विंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. ती रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते.

या हिशेबाने १९७४ ची खाजगी पद्मिनी २०२४ मध्ये विंटेज होण्याच्या वयाला पोहोचली. तिच्याच साच्यातून निघालेली टॅक्सी मात्र वीस वर्षांत भंगार. एकच गाडी, एकाच्या दारात वारसा आणि दुसऱ्याच्या दारात लोखंड. जिने पोट भरले तिला कायद्यात जागा नाही.

ज्यांच्याकडे अशी खाजगी गाडी उरली आहे त्यांना टायरचा प्रश्न आता नव्याने पडतो. परदेशात मिशलँ किंवा अमेरिकेची कोकर यांच्यासारख्या कंपन्या जुन्या मापांचे टायर आजही बनवतात. काहींचे रूप जुने आणि आतली रचना रेडियल असते. पण जून २०२० मध्ये भारत सरकारने नव्या टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यामुळे ते मागवणे सोपे राहिले नाही. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न : बाजारात जे आहे ते जुन्या चाकावर नीट बसवायचे कसे?

अशा गाडीच्या मालकाने आणखी एक गोष्ट पाहावी. ती फार चालत नाही, म्हणून नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने मरते. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात. २३१५ असतील तर तो टायर २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही चांगली असली तरी दहा वर्षांच्या टायरवर घरच्यांना बसवू नये.

या वर्षी नववीच्या मुलांना प्रकल्प द्यायचा आहे. विषय सोपा ठेवला आहे : गावातल्या सर्वांत जुन्या टायरच्या दुकानात जाऊन तिथली अवजारे, त्यांची नावे आणि काम करण्याची पद्धत लिहून आणायची. उर्दूत किंवा मराठीत, ज्याला जी जमेल तीत. टॉमी कशी धरतात, रिमचा नाद कसा ओळखतात, कोणत्या गिऱ्हाइकाला परत पाठवले आणि का. शेवटी सांगणाऱ्याची परवानगी घेऊन त्याचे पूर्ण नाव आणि त्याच्या उस्तादाचे नाव लिहायचे. या नावांशिवाय प्रकल्पाला गुण मिळणार नाहीत.